लावले पुष्कळ, विरळणार कोण?

मृगाचा पाऊस साधून सरकी टोकताना एका ठिकाणी दोन दाणे टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. न जाणो, एखादा उगवला नाही तर जागा मोकळी राहावयाची. दोन्ही उगवले तर मात्र पंधरा-वीस दिवसांच्या आत शेतकरी त्यांतले एक रोप स्वतःच्या हाताने उपटून टाकतो. ते रोप निरोगी असते, हिरवेगार असते, त्याने कोणाचे काही वाईट केलेले नसते. तरी ते उपटताना त्याच्या मनात किंतु येत नाही. दोन्ही ठेवली तर दोन्ही खुरटतील आणि बोंडे एकालाही धड लागणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते. जोंधळ्याच्या दाट उगवलेल्या तासातही तो हेच करतो. या कामाला विरळणी म्हणतात, आणि ती वेळेवर न करणारा शेतकरी गावात आळशी ठरतो.

वनशास्त्रातही विरळणी आहे. शब्द तोच आणि तत्त्वही तेच. फरक इतकाच, की शेतातली विरळणी पंधरवड्यात आटोपते आणि वनातली चाळीस-पन्नास वर्षे चालते. शेतात ती हाताने होते आणि वनात कुऱ्हाडीने. हा दुसरा फरक दिसायला लहान, पण सारा घोटाळा त्यातच आहे. कळमनुरी किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील एखाद्या टेकडीवरून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले, की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो चोरीचा. दुसरा येतो तो संगनमताचा. तेथे कदाचित वनाचे भले चालले असेल हा तिसरा विचार बहुधा कोणाच्याच मनात येत नाही. हा संशय निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. परंतु या संशयाच्या छायेत एक अत्यावश्यक काम वर्षानुवर्षे राहून जाते, आणि त्याची किंमत वनालाच मोजावी लागते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या या भूमीत वने थोडी. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने त्यांचे आच्छादन शेकडा पाचाच्याही आत आहे. देशाच्या एकतृतीयांश भूमीवर वने असावीत, हा संकल्प १९५२ च्या वननीतीने केला आणि १९८८ च्या वननीतीने पुन्हा उच्चारला. त्या मापाने पाहू गेल्यास आपला जिल्हा पंक्तीत बसण्यासही पात्र नाही. जे वन आहे ते शुष्क पानझडीचे: साग, धावडा, सालई, तेंदू, पळस, मोह, बेहडा. वर्षाकाठी सरासरी आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत पडून मोकळा होणारा. खाली मुरूम आणि कातळ. अशा ठिकाणी वाढलेल्या प्रत्येक झाडामागे काही वर्षांची तपश्चर्या असते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये. आणि म्हणूनच, जेथे वन इतके थोडे आहे तेथे झाडे तोडण्याचा विचार कोणी मांडला, तर वाचकाच्या भुवया उंचावणे स्वाभाविक आहे.

परंतु लावलेले वन आणि आपोआप वाढलेले वन यांत मोठे अंतर आहे. सागाची रोपवने लावताना पावसाळ्याच्या प्रारंभी दोन दोन मीटरांवर जड्या लावण्याची पद्धत रूढ आहे. या हिशेबाने एका हेक्टरात अडीच हजार रोपे होतात. इतकी झाडे पूर्ण वाढलेली एका हेक्टरात कधीच उभी राहू शकत नाहीत, हे लावणाराला पहिल्या दिवसापासून माहीत असते. तो दाट लावतो याला कारणे आहेत. काही रोपे मरणार, काही वाकडी निघणार. दाटीमुळे तण दबते, खालच्या फांद्या आपोआप गळतात, आणि प्रकाशासाठी चाललेल्या चढाओढीत खोडे सरळ वर जातात. पुढे निवड करण्यास वाव राहावा म्हणून आरंभी गर्दी केलेली असते. म्हणजे विरळणी हा लागवडीचाच उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध थाटात पार पाडून उत्तरार्ध विसरणे म्हणजे सरकी दोन-दोन दाणे टोकून पुढे शेताकडे न फिरकण्यासारखे आहे.

विरळणी न झालेल्या रोपवनात एकदा अवश्य जाऊन पाहावे. बाहेरून ते दाट, हिरवे आणि समाधानकारक दिसते. आत शिरले की काठ्यांचे रान लागते. पंधरा-वीस वर्षांची झाडे मनगटाएवढी किंवा फार तर मांडीएवढी. शेंड्यावर छत्रीएवढा पर्णसंभार आणि खाली नुसता दांडा. जमिनीवर सागाच्या वाळक्या पानांचा थर, त्याखाली गवताची काडी नाही. मधूनमधून वाळून उभी असलेली मेलेली झाडे. साग हा प्रकाशाचा भुकेला वृक्ष आहे. सावलीत तो फार काळ तग धरीत नाही. एकाच जमिनीत एकाच वयाची झाडे उंचीला साधारणतः सारखी वाढतात, मग ती दाट असोत की विरळ; उंची जमिनीच्या कसावर ठरते. जाडी मात्र ठरते ती प्रत्येकाला मिळालेल्या जागेवर, म्हणजेच पाने, प्रकाश आणि मुळांखालचा ओलावा यांवर. मराठवाड्यात या तिहींपैकी ओलावा हाच निर्णायक. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना, एका आडावर किती घागरी लागल्या म्हणजे तळ दिसू लागतो, हे सांगावयास नको. दाट रोपवनाच्या मुळांखाली दर उन्हाळ्यात तेच होत असते.

येथे थोडे विषयांतर करतो. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या नावाने गुंतवणुकीच्या योजनांचे पेव फुटले होते. आज अमुक हजार रुपये द्या, वीस वर्षांनी तुमच्या नावाची झाडे लाखांची होतील, अशा जाहिराती झळकत. त्यांना भुलणाऱ्यांत नोकरदार मध्यमवर्ग, त्यातही आपल्यासारखे शिक्षक आणि कारकून, पुष्कळ होते. पुढे १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. तोवर अनेकांचे पैसे बुडाले होते. त्या जाहिरातींतील हिशेब आठवून पाहा. जितकी रोपे, तितके जाडजूड वृक्ष. आणि जितके वृक्ष, तितक्या लाखांच्या राशी. वाटेत निम्म्याहून अधिक झाडे काढावी लागतात, हे त्या हिशेबात कोठे नसे. विरळणी म्हणजे काय हे आपल्यापैकी चार जणांना जरी ठाऊक असते, तरी काहींची बचत वाचली असती.

विरळणीचे शास्त्र आपल्या देशात नवे नाही. मलबारचा जिल्हाधिकारी कॉनोली याने गेल्याच्या आधीच्या शतकात, १८४० च्या दशकात, निलंबूर येथे सागाची लागवड सुरू केली आणि चातू मेनन या भारतीय अधिकाऱ्याने ती वाढवली. तेथील १८४६ चा एक तुकडा आजही राखून ठेवलेला आहे. केरळातील रूढ पद्धत अशी, की पाचव्या आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास दोन यांत्रिक विरळण्या, आणि नंतर पंधराव्या, विसाव्या, तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास निवडीच्या विरळण्या. यांत्रिक विरळणीत झाडाची निवड नसते. एकाआड एक तिरकी ओळ काढून टाकतात, त्यामुळे अडीच हजारांची साडेबाराशे होतात आणि दोन झाडांतले अंतर दोन मीटरांवरून सुमारे पावणेतीन मीटरांवर जाते. शेवटी हेक्टरी शे-दोनशे झाडे उरतात. ती मात्र वृक्ष या नावाला शोभणारी असतात. आपल्या कोरड्या, उथळ जमिनीत हे वेळापत्रक जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे वाढ मंद आहे. म्हणून वयापेक्षा उंची पाहावी, झाडे आठ-नऊ मीटर उंच होऊन त्यांचे शेंडे एकमेकांना भिडू लागले की पहिली वेळ आली असे समजावे. लवकर, थोडे थोडे आणि पुनःपुन्हा, हा जर्मन वनाधिकाऱ्यांचा जुना दंडक आहे. तो पाळला नाही आणि वीस वर्षांची कसर एकदम काढण्याचा प्रयत्न केला, तर काठीसारखी वाढलेली झाडे एकाएकी उघडी पडून वाऱ्याने वाकतात, खोडावर पाणफुटवे येतात आणि लाकूड गाठाळ होते. विरळणीची गेलेली वेळ परत आणता येत नाही.

आता मुख्य प्रश्न: कोणते झाड काढावयाचे? चोरही रोपवनात शिरून झाड निवडतो आणि वनपालही निवडतो. दोघांच्याही हाती कुऱ्हाडच असते. चोराला पाहिजे असते ते सर्वांत सरळ, सर्वांत जाड, सर्वांत निकोप झाड. ते गेले की मागे उरतात ती वाकडी, दुशेंडी, पोखरलेली झाडे, आणि पुढच्या पिढीचे बीही त्यांचेच. वनपालाने करावयाचे असते ते नेमके याच्या उलट. प्रथम मेलेली आणि रोगट झाडे जावीत. मग इतरांच्या सावलीत दडपली गेलेली. मग बांडगुळाने ग्रासलेली, फाटे फुटलेली, खोडावर जखम असलेली. आणि सर्वांत शेवटी, दोन चांगली झाडे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून उभी असतील तर त्यांतले एक. राहणाऱ्या झाडाकडे पाहून जाणारे झाड ठरवावयाचे, हे या निवडीचे मर्म आहे. म्हणून वर पाहत पाहत खुणा कराव्या लागतात. सागाची पाने झडून गेल्यावर कोणाचे छत्र केवढे हे कळत नाही; तेव्हा पावसाळा संपल्यावर, पानोळा शाबूत असतानाच खुणा व्हाव्यात आणि तोड हिवाळ्यात व्हावी, हे श्रेयस्कर.

खुणांचा एक तपशील सामान्य वाचकाने अवश्य लक्षात ठेवावा. तोडावयाच्या झाडावर छातीच्या उंचीवर रंगाची खूण करतात, आणि जमिनीलगत, जेथे तोडीनंतरही खुंट उरणार तेथे, साल तासून सरकारी हातोड्याचा ठसा मारतात. झाड गेले तरी ठसा खुंटावर राहतो. त्यामुळे तोड झालेल्या जागेत फिरणारा कोणीही माणूस, मग तो शाळामास्तर असो की गुराखी, खुंट पाहून सांगू शकतो की हे झाड रीतसर गेले की रात्री गेले. ठशाचे खुंट किती आणि बिनठशाचे किती, हा हिशेब ज्या गावाला करता येतो, त्या गावाला संशयावर जगण्याची गरज उरत नाही.

सारी वाकडी झाडे काढलीच पाहिजेत असाही अर्थ कोणी घेऊ नये. ढोलीचे झाड लाकडाच्या दृष्टीने निरुपयोगी, पण पिंगळ्याचे आणि पोपटाचे ते घर आहे. रोपवनात आपोआप उगवलेला मोह, बेहडा, तेंदू किंवा धावडा सागाच्या ओळीत आडवा येतो म्हणून काढून टाकण्याची वृत्ती जुन्या काळी फार होती. ती चूक होती. नुसत्या सागाचे रान किडीला निमंत्रण देते. सागाची पाने खाणाऱ्या आणि पानांची नुसती जाळी करून ठेवणाऱ्या अळ्यांचा उपद्रव पावसाळ्यात सर्वांना दिसतो. शिवाय मोहफुले आणि तेंदूपाने ही गरिबाच्या घरची मिळकत आहे. विरळणीने जमिनीवर जो प्रकाश पडतो त्यात ही झाडे वर येतात, गवत येते. एकसुरी लागवडीची जुनी चूक थोडीफार निस्तरण्याची ही संधी आहे. नाल्याच्या काठावर आणि खड्या उतारावर मात्र कुऱ्हाड चालवू नये. तेथे झाडाचे काम लाकूड देण्याचे नसून माती धरण्याचे आहे.

निसर्गात विरळणी कोण करतो, असा प्रश्न काही निसर्गप्रेमी विचारतात, आणि तो विचारण्याजोगा आहे. निसर्ग स्वतःच करतो, हे त्याचे उत्तर. दुबळी झाडे मरतात, वणव्यात जातात, वादळात पडतात आणि सबळ उरतात. पण निसर्गाच्या रानात लहान-मोठी, नाना वयांची, नाना जातींची झाडे असतात आणि त्याला घाई नसते. एका दिवशी, एका दोरीत, एका जातीची अडीच हजार रोपे आपण लावली. ती गर्दी निसर्गाने केलेली नाही. जेथे राखीव अभयारण्य आहे, जेथे लाकडाची अपेक्षाच नाही, तेथे निसर्गावर सोडून द्यावे. रोपवनाच्या बाबतीत ही भूमिका घेणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधणे होय.

झाड पाडणे हे काम दिसते तितके सोपे नाही, आणि जगात जी धोक्याची कामे मानली जातात त्यांत त्याची गणना होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९८ साली वनकामातील सुरक्षिततेविषयी एक आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिच्यातील पुष्कळ गोष्टी आपल्या जुन्या जाणत्या तोड्यांना अनुभवाने माहीत असतात. नव्या पोरांना त्या कोणी सांगत नाही. झाड ज्या दिशेला पाडावयाचे त्या बाजूस आधी खाच घ्यावी, बुंध्याच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी खोल. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, मागचा काप घ्यावा. आणि दोन्हींच्या मध्ये लाकडाची एक पट्टी न कापता राखावी. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी काम करते आणि झाडाला ठरल्या दिशेने नेते. उतावीळपणे ती पट्टीही तोडली की झाड कोठे जाईल याचा नेम राहत नाही. मागे, तिरक्या दिशेने, पळण्याची वाट आधीच साफ करून ठेवावी. झाडाच्या उंचीच्या दुपटीइतक्या अंतरात दुसरा माणूस नसावा. वारा सुटला की काम थांबवावे. वेली दोन झाडांना बांधून ठेवतात, म्हणून त्या आधी तोडाव्यात. आणि वरची वाळकी फांदी डोक्यात कोसळते, म्हणून प्रत्येक झाडाखाली उभे राहण्यापूर्वी एकदा वर पाहावे.

विरळणीत आणखी एक धोका आहे, जो मोकळ्या तोडीत क्वचित येतो. रान दाट असल्यामुळे पाडलेले झाड खाली येतच नाही. शेजारच्या झाडाच्या फांद्यांत अडकून तिरपे लोंबकळत राहते. अशा वेळी माणसाची बुद्धी नेमकी चुकीच्या मार्गाने धावते. कोणी अडकलेल्या झाडावर चढतो, कोणी ज्याच्यावर ते अडकले ते झाड तोडू लागतो, कोणी तिसरे झाड त्याच्यावर पाडून ते सोडवू पाहतो. हे तिन्ही उपाय जीवघेणे आहेत. बुंध्याला दोर बांधून किंवा पहारीने उचकटून तो मागे ओढावा, आणि ते होईपर्यंत त्या झाडाखाली कोणालाही फिरकू देऊ नये. डोक्यावर शिरस्त्राण, पायांत बूट, जवळ प्रथमोपचाराची पेटी आणि कोणी जखमी झाल्यास त्याला रस्त्यापर्यंत नेण्याची सोय, एवढ्या गोष्टी म्हणजे चैन नव्हे. एकट्या माणसाने हे काम करू नये, हा नियम तर फुकटचा आहे. तरी तो पाळला जात नाही.

का पाळला जात नाही? मजुरी झाडाच्या नगावर ठरली, की मजूर नग मोजतो. जितकी झाडे पडतील तितके पैसे. मग खाच कोण घेतो आणि पळवाट कोण साफ करतो? इतकेच नव्हे, अडचणीतले खूण केलेले झाड सोडून हाताशी असलेले बिनखुणेचे पाडण्याचा मोहही नगाच्या मजुरीतूनच उत्पन्न होतो. म्हणजे माणसाची सुरक्षितता आणि वनाची सचोटी या दोन्ही गोष्टी मजुरीच्या एकाच पद्धतीवर अवलंबून आहेत. दिवसाची मजुरी दिली तर काम सावकाश होईल, हा आक्षेप खरा आहे. विरळणी सावकाशच व्हावयास पाहिजे.

कळमनुरी, औंढा आणि सेनगाव या तालुक्यांत आंध आदिवासींची आणि बंजारा समाजाची वस्ती आहे. वन त्यांच्या दाराशी आहे. विरळणीचे दिवस मार्गशीर्षापासून शिशिरापर्यंतचे. आणि नेमक्या याच दिवसांत या भागातील शेकडो कुटुंबे ऊसतोडीसाठी कोयता घेऊन परमुलखात जातात, पोरांच्या शाळा सुटतात. ज्यांचे हात तोडीत तयार आहेत त्यांना घराजवळ चार महिन्यांचे शिकलेले, सन्मानाचे काम देता येण्याजोगे असताना ते आपण देत नाही, हे समजण्यापलीकडचे आहे. मुंबई इलाख्यात १९४७ सालापासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. वनतोडीतील ठेकेदाराला बाजूस सारून मजुराला मालकी द्यावी, हा त्यांमागील विचार होता. त्या संस्थांचे पुढे बरेवाईट जे झाले ते झाले. विचार काही खोटा ठरला नाही.

वनविभागाची बाजूही पाहिली पाहिजे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशानंतर, मंजूर कार्य आयोजनेशिवाय वनात झाड तोडता येत नाही. ती आयोजना तयार होऊन केंद्राची मंजुरी मिळेपर्यंत वर्षे जातात. झाडे तोपर्यंत थांबत नाहीत. पहिल्या विरळणीत निघणाऱ्या काठ्यांना बाजारात भाव नसतो, खर्च मात्र होतो. आणि सर्वांत अवघड म्हणजे कागदावरचा आकडा. २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार, २०१८ साली तेरा आणि २०१९ साली तेहतीस कोटी वृक्ष लावण्याचे संकल्प राज्याने सोडले. जिवंत रोपांची टक्केवारी हा त्या मोहिमांत यशाचा मापदंड होता. आता त्यांतील जी रोपे जगली आणि जेथे ती दाट लावली गेली, तेथे पहिल्या विरळणीचा काळ येऊन ठेपला आहे. ज्या अधिकाऱ्याला काल प्रत्येक रोप जगवल्याबद्दल शाबासकी मिळाली, त्याने आज त्यांतली निम्मी तोडावी आणि वर चौकशीला तोंड द्यावे, अशी अपेक्षा करणे सोपे आहे. त्याच्या खुर्चीत बसून ती पुरी करणे सोपे नाही. तोडले तर आरोप होतो; न तोडले तर कोणी विचारतही नाही. अशा व्यवस्थेत शहाणा मनुष्य काय करील हे सांगावयास ज्योतिषी नको.

बांधावर साग लावणाऱ्या शेतकऱ्याची अवस्थाही याहून फार निराळी नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग हा अनुसूचित वृक्ष आहे. स्वतःच्या शेतातला असला तरी तो परवानगीवाचून तोडता येत नाही. कायदा हवाच. पण दहा मोठ्या वृक्षांची तोड आणि चाळीस काठ्यांची विरळणी यांना एकाच लांबीची कागदपत्रे लागली, तर शेतकरी विरळणी करणार नाही, आणि पुढे झाडे तशीच काठीसारखी विकून मोकळा होईल.

या अडचणीतून मार्ग काढावयाचा तर तोड उघड्यावर झाली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. खुणा झाल्या, की कोणत्या कक्षात किती झाडे, कोणत्या जाडीची आणि कोणत्या कारणासाठी काढावयाची, याची यादी लगतच्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि ग्रामसभेत वाचली जावी. तोड संपल्यावर खुंटांची मोजणी गावच्या चार माणसांसमक्ष व्हावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली तो मिळवला आणि २०११ साली आपला बांबू स्वतः विकून दाखवला. हिंगोलीचे वन गडचिरोलीसारखे समृद्ध नाही, हे मान्य. पण फलकावर यादी लावण्यास समृद्धी लागत नाही.

निघालेल्या मालाचे काय करावे, यावरही गावाचे मत विचारात घ्यावे. बारीक बल्ल्या गोठ्याला, मांडवाला, वेलभाज्यांच्या ताटीला उपयोगी पडतात; त्या लिलावासाठी डेपोत वाहून नेण्याचा खर्च त्यांच्या किमतीहून अधिक होतो. आणि आपल्या जिल्ह्यात सरपणाची एक खास गरज आहे. वसमतची हळद आता सर्वत्र नावाजली जाते. पण हळद काढल्यावर ती शिजवावी लागते, आणि ते दिवस माघ-फाल्गुनाचे असतात. कढई जाऊन कुकर आले, तरी त्याखालचा जाळ लाकडाचाच आहे. हे लाकूड कोठून येते, हे विचारण्याची आपली रीत नाही. विरळणीतले फाटे ठरलेल्या दराने त्याच हंगामात मिळाले, तर निदान त्यातले काही बांधावरच्या बाभळी-लिंबांचे आणि डोंगरातल्या चोरट्या मोळ्यांचे ओझे कमी करील. शिवाय फाटे वनातून त्वरेने हलवणे हे वनाच्याही हिताचे आहे. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो. सागाच्या वाळल्या पानांवर तोडीचा पालापाचोळा पडून राहिला, तर एका विडीच्या थोटकाने विरळणीसकट सारे वन जाते. जाळरेषा साफ करून मगच कुऱ्हाड हाती घ्यावी, हा क्रम त्यासाठीच आहे.

शिक्षक-वाचकांना एक सुचवावेसे वाटते. जवळच्या रोपवनात विरळणी झाली असेल, तर तोड पुरती संपल्यावर आणि वनरक्षकाची अनुमती घेऊन, आठवी-नववीची मुले तेथे न्यावीत. सागाच्या खुंटावर वार्षिक वलये स्पष्ट दिसतात. सालीपासून आत एकेक वर्ष मोजत जावे. दडपलेल्या झाडाच्या खुंटावर मधली वलये ऐसपैस आणि बाहेरची केसासारखी बारीक, एकमेकांना चिकटलेली आढळतील. ज्या वर्षापासून ती बारीक होऊ लागली ते वर्ष मुलांना काढावयास सांगावे. मग वहीत दोनच आकडे लिहावेत: ते वर्ष, आणि विरळणी झाली ते वर्ष. त्या दोहोंमधील वजाबाकी चौथीच्या मुलालाही येते.